लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करताना काय दाखवायचं आणि काय झाकायचं

प्रश्न थोडक्यात सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात, संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत नव्याने रुजू झालेल्या एका महसूल सहायक ताईंनी विचारलं आहे: समितीने मंजूर केलेली लाभार्थ्यांची यादी आमच्याकडून एक्सेलमध्ये जशीच्या तशी गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. तिच्यात आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल, मंजुरीचं कारण असं सगळं असतं. आता एका अर्जदाराने माहिती अधिकारात तालुक्यातल्या सर्व लाभार्थ्यांच्या प्रकरणांच्या प्रती मागितल्या आहेत. एक साहेब म्हणतात, सरकारी पैसा आहे, सगळं देऊन टाका. दुसरे म्हणतात, नवा कायदा आलाय, काहीच देऊ नका. बरोबर कोण? आणि तो नवा कायदा, म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, आपल्याला लागू आहे का?

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. संगायो (म्हणजे हीच संजय गांधी योजना), पुरवठा, आस्थापना ही टेबलं सांभाळली आहेत आणि आता नव्या कर्मचाऱ्यांना अभिलेख कसे हाताळायचे ते शिकवते. ताई, दोन्ही साहेबांचं निम्मंच बरोबर आहे. यादी लोकांसमोर आलीच पाहिजे, पण तिच्यात नाव, गाव, दरमहा रक्कम आणि मंजुरीच्या बैठकीची तारीख एवढेच रकाने हवेत. बाकीचे रकाने कार्यालयाच्या कामासाठी आहेत, ते कार्यालयातच राहिले पाहिजेत.

कारण असं की बँक पटली नाही तर माणूस खातं दुसरीकडे नेतो. तहसील त्याला बदलता येत नाही. अनुदान हवं असेल तर उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आजाराचं प्रमाणपत्र, आधार, पासबुक हे सगळं आपल्यासमोर ठेवावंच लागतं. त्याला पर्याय नाही, म्हणून आपली जबाबदारी बँकेपेक्षा मोठी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यामागे कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूला पुरेल एवढाच हात घालायला हवा, असा त्या निकालाचा गाभा आहे. ही कसोटी तुमच्या एक्सेलमधल्या प्रत्येक रकान्याला लावून पाहता येते.

त्या एक्सेलमधला सर्वांत घातक रकाना आधार क्रमांकाचा आहे असं बहुतेकांना वाटतं. मला घातक वाटतो तो शेवटचा रकाना, ज्यावर ‘शेरा’ किंवा ‘प्रवर्ग’ असं लिहिलेलं असतं. ही योजना कुणासाठी आहे ते आठवा. निराधार विधवा आणि दिव्यांग आहेतच, पण क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांनी कामाला निकामी झालेले लोकही आहेत. घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या, अत्याचार झालेल्या आणि वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या बायका आहेत. देवदासी, तृतीयपंथी, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी हेही यात येतात. आता अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यातलं हजारभर वस्तीचं गाव डोळ्यांसमोर आणा. तिथल्या ग्रुपवर एका बाईच्या नावापुढे या यादीतला एक शब्द आला, की तिच्या घरी कुणी पाणी पिणार नाही, मुलीची सोयरीक मोडेल, शेतावर मजुरीला कुणी बोलावणार नाही. हे सगळं महिन्याच्या अनुदानासाठी केलेल्या एका अर्जामुळे. खात्यातून चोरलेले पैसे कधीतरी परत मिळू शकतात. गावात एकदा कळलेला आजार कुणाच्या मनातून काढून घेता येत नाही.

नुसतं नाव आणि रक्कम दिली तर ती बाई या अनेक कारणांपैकी कोणत्या कारणाने लाभार्थी आहे ते कुणाला कळत नाही. कारण दाखवायचंच असेल तर आकड्यांत दाखवा: या बैठकीत विधवा एवढ्या, दिव्यांग एवढे, दुर्धर आजाराचे एवढे, आणि तेही गावनिहाय न देता तालुक्याचं. गावनिहाय दिलं आणि गावात दुर्धर आजाराचा एकच लाभार्थी असला, तर आकडाच त्याचं नाव सांगतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर वेगळा कायदाच आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला त्याचं कलम ८ मनाई करतं, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनेने त्या सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली पाहिजे असं कलम ११ सांगतं. आपलं कार्यालय रुग्णालय नाही, पण सिव्हिलमधून आलेलं प्रमाणपत्र आपल्या फाइलला लागतं, तेव्हा ही नोंद आपल्याकडेही असते. अशी प्रकरणं बंद पाकिटात ठेवायची, वरच्या अनुक्रमणिकेत फक्त ‘वैद्यकीय प्रमाणपत्र’ एवढंच लिहायचं, आणि पाकीट कुणी, कधी उघडलं त्याची नोंद ठेवायची.

आता आधारकडे येते. आधार कायद्याच्या कलम २९(४) प्रमाणे आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करता येत नाही. भिंतीवर नाही, संकेतस्थळावर नाही आणि गावाच्या ग्रुपवरही नाही. हे माहीत नसल्याने किती मोठा घोळ होतो ते २०१७ मध्ये दिसलं. केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची माहिती आधार क्रमांकासह उघडी होती, हे आधार प्राधिकरणानेच माहिती अधिकारातल्या उत्तरात मान्य केलं. त्यात कुणी हॅकर नव्हता. कुणीतरी आपलं काम सोपं व्हावं म्हणून पूर्ण फाइल चढवली होती. सरकारी कार्यालयांतून माहिती बहुतेक वेळा अशीच बाहेर पडते.

आपल्या लाभार्थ्यांच्या बाबतीत धोका एक पायरी पुढचा आहे आणि तो तालुक्याच्या पातळीवर फारसं कुणी समजावून सांगत नाही. आधारवरून पैसे काढायच्या पद्धतीत, म्हणजे गावातल्या बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर, तीन गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. आता एका निरक्षर लाभार्थी बाईचं प्रकरण उघडून पाहा. आधारची झेरॉक्स आहे, पासबुकाचं पहिलं पान आहे आणि अर्जाखाली सहीच्या जागी स्पष्ट उमटलेला अंगठा आहे. पैसे काढायला लागतं ते सगळं एकाच फाइलीत आहे. हे कल्पनेतलं भय नाही. शेजारच्या तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे संकेतस्थळावरून उतरवून त्यांचे नकली ठसे बनवल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केली आहेत. म्हणून प्रकरणाच्या प्रती देताना अंगठा झाकणं हे आधार क्रमांक झाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे एवढी एकच गोष्ट बदलली तरी मला समाधान वाटेल.

यात सोलापूरची एक अडचण आहे. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. मग हे बोट, ते बोट, पुन्हा एकदा असं चालतं. किती वेळा व्यवहार झाला हे त्या बाईला कळत नाही. तिला एवढं सांगा की पावती घेतल्याशिवाय उठू नको, आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घे. बायोमेट्रिक लॉकची, म्हणजे आपल्या ठशाचा वापर बंद ठेवण्याची, सोय आधारच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर आहे. जी बाई बँकेत जाऊन स्लिप भरून पैसे काढते तिने ते लॉक जरूर करावं. जी बँक मित्राकडेच जाते तिला मात्र सरसकट लॉक करायला सांगू नका. तिचंच अनुदान अडकेल.

नवीन अर्ज घेताना शक्य तिथे झाकलेलं आधार घ्या, ज्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात. थेट लाभ हस्तांतरणासाठी पूर्ण क्रमांक पोर्टलवर भरावा लागतो, तो भरा, पण कागदावर त्याच्या चार-चार झेरॉक्स कशाला? एकाच अर्जाला आधारच्या तीन प्रती लावलेल्या मी कैक वेळा पाहिल्या आहेत. विचारलं तर उत्तर एकच, पहिल्यापासून असंच आहे. शासन निर्णयात नसलेला एकही कागद मागू नका. जो कागद आपल्याकडे आलाच नाही तो आपल्याकडून फुटूही शकत नाही.

रकाने काढायचे कसे यावरही नीट बोलायला हवं, कारण इथे प्रामाणिक माणसंसुद्धा फसतात. एक्सेलमध्ये रकाना ‘हाइड’ केला की तो फक्त दिसेनासा होतो. फाइल मिळालेला माणूस बाजूच्या रकान्यांवर उजवं बटण दाबून तो दोन सेकंदांत परत आणतो. म्हणून प्रसिद्ध करायची यादी नेहमी नव्या कोऱ्या फाइलमध्ये बनवायची. लागतात तेवढेच चार रकाने कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवायचे आणि मगच पीडीएफ करायची. वर्डमध्ये किंवा पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच असतो, तो निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. कागदावर स्केचपेनने खोडलं तर उजेडात धरल्यावर अंक दिसतात. खात्रीची रीत जुनीच आहे: प्रतीवर काळं करा, त्या काळ्या केलेल्या प्रतीची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स द्या. मूळ कागदावर मात्र पेन लावायचं नाही, तो अभिलेख आहे.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. त्या अर्जदाराला शत्रू समजू नका. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, केंद्राचा २००५ चा कायदा नंतर आला. बोगस लाभार्थी आणि टक्केवारी घेणारे एजंट अशाच अर्जांतून उघडे पडले आहेत. कलम ४(१)(ख) मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितलेलं आहेच. म्हणजे चार रकान्यांची यादी मागितल्याशिवायच बाहेर असायला हवी होती.

पण ‘सर्व प्रकरणांच्या प्रती’ ही वेगळी गोष्ट आहे. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायला मुभा देणारं कलम, बदललं आहे, हे दुसरे साहेब म्हणतात ते खरं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने तो बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वी त्या कलमात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण अतिक्रमण करणारी माहिती, अशा अटी होत्या. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक परंतुकही होतं. आता फक्त वैयक्तिक माहिती एवढंच उरलं आहे. मला हा बदल पटलेला नाही. कारण त्याच्या आडोशाला लाभार्थी बाईच्या आधी अधिकाऱ्यालाच लपता येतं. बदली, खर्च, चौकशी, निवड यादी, सगळ्यावर वैयक्तिक हा शिक्का मारायची सवय लागेल, आणि ती लागू देऊ नका. कलम ८(२) शाबूत आहे: लोकहित मोठं असेल तर वैयक्तिक माहितीही देता येते. कलम १० सुद्धा शाबूत आहे: जो भाग देता येत नाही तो वगळून उरलेला द्यायचा, आणि का वगळला ते कारणासह लिहायचं.

मग उत्तर असं द्या. यादी चार रकान्यांची. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त द्या, पण त्यात नावापुढे आजार किंवा कौटुंबिक कारण लिहिलं असेल तर तेवढं झाकून. किती अर्ज आले, किती नाकारले, नाकारण्याची कारणं, वार्षिक पडताळणी कुणी आणि कधी केली, त्यात किती लाभार्थी अपात्र ठरले, हे सगळं द्या. ते आपल्या कामाचं उत्तर आहे आणि ते झाकायचा आपल्याला अधिकार नाही. आधार, खातं, मोबाईल, अंगठा, वैद्यकीय कागद कलम ८(१)(ञ) आणि १० दाखवून वगळा. अर्जदाराने एखाद्या विशिष्ट लाभार्थ्याबद्दल ठोस संशय मांडला असेल, उदाहरणार्थ घरात नोकरदार असून निराधार दाखवलं, तर त्या एका प्रकरणात कलम ८(२) चा विचार करा. द्यायचं ठरत असेल तर कलम ११ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्या व्यक्तीला लेखी नोटीस जाते आणि तिला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. नोटीस घरी देताना कोतवालाला पाकीट बंद करून द्या.

नवा कायदा आपल्याला लागू आहे का, याचं उत्तर हो. अनुदान, दाखले, परवाने यांसाठी शासनाला दरवेळी संमती घ्यावी लागत नाही, कलम ७ मध्ये तशी सोय आहे. पण म्हणून मोकळीक नाही. नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत शासनासाठी मानकं घातली आहेत: लागेल तेवढीच माहिती घ्यायची, ती अचूक ठेवायची, काम संपल्यावर गरजेपेक्षा जास्त ठेवायची नाही, सुरक्षित ठेवायची आणि विचारणा कुणाकडे करायची ते लोकांना सांगायचं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे त्या मुदतीनंतर बंधनकारक होतात. सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा: हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. गठ्ठ्यातला कागद त्यात येत नाही, स्कॅन केला की येतो. अभिलेख स्कॅन करायचं काम कंत्राटदाराकडे दिलं जातं, तेव्हा त्याची हार्डडिस्क कुणाकडे राहणार हे करारात लिहून घेणं म्हणूनच गरजेचं आहे.

काउंटरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी बाई टेबलासमोर उभी असते, मागे वीस माणसं असतात आणि आपण मोठ्याने विचारतो, काय आजार आहे? तिला कळत नाही म्हणून शेजारीण किंवा एजंट भाषांतर करतो. तिथेच सगळं फुटतं, त्याला संगणक लागत नाही. कार्यालयात तेलुगू, कन्नड, उर्दू येणारा एखादा कर्मचारी किंवा शिपाई सोलापुरात सहज सापडतो. त्याला बोलवा, खुर्ची बाजूला घ्या, प्रश्न कागदावर बोट ठेवून विचारा. एजंटाला टेबलाच्या अलीकडे येऊ देऊ नका.

लॉगिन ज्याचं त्याचं हवं. तहसीलदारांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी शिपायाने दारातून ओरडून सांगायचा, हे बंद करा. कंत्राटी ऑपरेटर सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायला लेखी कळवा. निंदणीकरणात, म्हणजे मुदत संपलेले जुने अभिलेख काढून टाकताना, निघालेले कागद रद्दीवाल्याला देण्याआधी फाडणाऱ्या यंत्रातून गेले पाहिजेत.

राहिला प्रश्न आधीच गेलेल्या यादीचा. पाठवून दोनेक दिवस उलटले असतील तर ती सगळ्यांसाठी पुसता येत नाही. तरीही त्या ग्रुपवर लिहा की ही फाइल पुढे पाठवू नये, आपल्या फोनमधून काढावी, आणि सुधारित यादी टाका. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून तसं केल्याचं लेखी घ्या. ज्यांच्या नावापुढे आजार किंवा अत्याचार लिहिलेला होता त्यांना फोन करू नका, फोन घरातलं दुसरं कुणीही उचलतं. एका महिला कर्मचाऱ्याने जाऊन त्यांना एकटीला सांगावं की असं झालं आहे, त्रास झाला तर या नावाने या कार्यालयात या. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून द्यायला मदत करा.

साहेबांना तोंडी सांगून हे होणार नाही, टिपणी ठेवा. मसुदा देते: ‘सादर. योजनेची मंजूर यादी प्रसिद्ध करताना नाव, गाव, दरमहा रक्कम व बैठकीचा दिनांक एवढेच रकाने ठेवणे उचित राहील. आधार अधिनियम, २०१६ चे कलम २९(४) अन्वये आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करता येत नाही. एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७ ची कलमे ८ व ११ विचारात घेता मंजुरीचे कारण यादीत नमूद करू नये. प्रवर्गनिहाय संख्या तालुका स्तरावर स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावी. मान्य झाल्यास सर्व मंडळ अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी यांना कळवण्यात येईल. मान्यतेस्तव सादर.’ त्यावर सही झाली की तिची प्रत जन माहिती अधिकाऱ्यांच्या नस्तीतही (फाइलीतही) लावा, म्हणजे पुढच्या अर्जाला उत्तर देणाऱ्याला हा सगळा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.